पहिल्या गिअरचं गाव

पनवेलला आलेला माणूस बहुतेक वेळा पनवेलसाठी आलेला नसतो. तो गोव्याला निघालेला असतो, पुण्याला निघालेला असतो, गणपतीसाठी चिपळूणला निघालेला असतो, नाहीतर न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनर पोचवायला निघालेला असतो. पनवेल फक्त वाटेत लागतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथे कळंबोलीला सुरू होतो. जुना पुणे रस्ता गावाला खेटून जातो. मुंबई-गोवा महामार्ग, ज्याला आम्ही अजून सतराच म्हणतो आणि सरकार सहासष्ट म्हणतं, तो पळस्पे फाट्याला वळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि पनवेल न बघता पनवेल ओलांडण्याची सोय आकाशातूनही झाली. द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. आमच्या शिवाजी चौकात संध्याकाळी सात वाजता ताशी १० ही महत्त्वाकांक्षा आहे. चारी बाजूंनी जग पाचव्या गिअरमध्ये चाललेलं असतं आणि मधोमध पनवेलकर पहिला टाकून, क्लच अर्धा दाबून, पुढची मिनीडोर रिक्षा कधी हलते याची वाट बघत असतो.

हे काही आजचं नाही. आगगाडी नव्हती तेव्हा मुंबईचा माणूस गलबतातून पनवेल बंदराला उतरायचा आणि पुढे बोरघाट चढून पुण्याला जायचा. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद आहे ती गाडीची चाकं बनवणारं गाव म्हणून. देशावरून आलेला गाडीवान परत जाताना इथून चाकांची जोडी घेऊन जायचा. म्हणजे वाटणी तेव्हापासूनच ठरलेली आहे : चाकं आमची, प्रवास दुसऱ्यांचा. त्या गाडीवानाचं एक बरं होतं. चढावर गाडी अडली तर बैल बसलाय हे मागच्या सगळ्यांना दिसायचं. मोटार बंद पडली की मागच्यांना दिसतो तो फक्त चालक.

अशा गावात गिअरची मोटार शिकायची म्हणजे काय शिकायचं, हे आधी समजून घेतलेलं बरं. गाडी चालवणं हा त्यातला किरकोळ भाग. ती एकदा चालू लागली की चालतेच. शिकायचं असतं ते थांबलेली गाडी पुन्हा हलवणं, आणि त्यासाठी पनवेलइतकं सोयीचं गाव महाराष्ट्रात सापडणार नाही. इथे थांबण्याची संधी पावलोपावली आहे.

सकाळी सहाच्या सुमाराला नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीच्या रस्त्यांवर मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाड्या बाहेर पडतात. सिडकोने हे रस्ते चांगले रुंद आखले होते. पुढे दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहिल्या आणि रुंदी नकाशात शिल्लक उरली. तरी सकाळी सहाला दूधवाला, पेपरवाला आणि कानटोपी घातलेले फिरायला जाणारे एवढेच रस्त्यावर असतात. तेही शिकाऊ गाडीची पाटी लांबून ओळखतात आणि फुटपाथवर चढतात. पनवेलमध्ये माणसांनी आपणहून फुटपाथ वापरल्याचं हे एकमेव उदाहरण.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यात म्हटलंय की खासगी मोटार शिकवायला किमान एकवीस दिवस हवेत आणि प्रत्यक्ष गाडी हातात किमान दहा तास हवी. दहा तास भागिले एकवीस, म्हणजे रोजची साधारण अठ्ठावीस मिनिटं. त्या अठ्ठावीस मिनिटांत पुढच्या विद्यार्थ्याच्या इमारतीखाली जाणं, हॉर्न देणं, फोन करणं, 'निघालोच सर' हे उत्तर ऐकणं आणि तो आंघोळ उरकून येईपर्यंत गाडी सुरू ठेवून थांबणं हेही बसवायचं असतं. शाळा याला न्यूट्रलचा सराव म्हणते.

एका वेळी गाडीत तिघे शिकतात. एक चालवतो आणि दोघे मागे बसून भितात. आमच्या तुकडीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या आणि तिसरा मी. मागच्या सीटची गंमत अशी की तिथे बसलेल्याला सगळं येतं. गिअर कधी बदलायला हवा होता, ब्रेक कधी लावायला हवा होता, रिक्षा कुठून शिरणार आहे, हे त्याला आधीच दिसत असतं. तोच माणूस दार उघडून पुढे जाऊन बसला की हे ज्ञान मागेच राहतं आणि आता मागे गेलेल्याला प्राप्त होतं. बँकेतल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात आमच्यासाठी एका वहीत सूचना लिहून आणल्या होत्या. अक्षर उत्तम. स्वतः पुढे बसल्यावर मात्र त्यांनी ती वही सांभाळायला माझ्याकडे दिली.

आमचे सर पन्नाशीचे. आधी बंदरात ट्रेलर चालवायचे. चाळीस फुटी कंटेनर एका दमात मागे लावलेल्या माणसाला रोज सकाळी तीन प्रौढांना इंडिकेटर आणि वायपर यांतला फरक समजावून सांगावा लागत होता, पण त्यांचा आवाज कधी चढला नाही. याला संयम म्हणत असतील तर म्हणोत. मला कारण त्यांच्या पायाखाली दिसलं. शाळेच्या गाडीला दुहेरी कंट्रोल असावा लागतो, हाही नियमच आहे. त्यामुळे सरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता. शिकणाऱ्याला पहिले काही दिवस वाटत राहतं की आपल्याला लवकर जमलं. गाडी अलगद उचलते, अलगद थांबते. घरी जाऊन तो सांगतोही, की लोक उगाच बाऊ करतात. मग एक दिवस सर न सांगता आपला पाय मागे घेतात, आणि कळतं की आपण इतके दिवस स्टिअरिंग धरून बसलेले प्रवासी होतो.

तो दिवस मॅडमच्या वाट्याला आधी आला.

"मॅडम, आता क्लच सोडा."

गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली.

"सोडा म्हणजे टाकून नका देऊ. हळू सोडा."

"हळूच सोडला, सर."

"अजून हळू. घरी दुधावरची साय कशी काढता, दूध न हलवता? तसा."

"साय सासूबाई काढतात," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर सरांनी उपमा देणं बंद केलं आणि अपूर्णांकात बोलू लागले. पाव सोडा. थांबा. अर्धा सोडा. थांबा. आता पाऊण. मॅडम चौथीला गणित शिकवत असल्यामुळे हे त्यांना चटकन समजलं. त्यांच्या डाव्या पायाला मात्र समजायला वेळ लागला.

मुळात हा घोळ होतो कशाने? इंजिनाला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे मारत असतं, आणि चाकं ठप्प असतात. फिरणाऱ्याला न फिरणाऱ्याशी एकदम जोडलं की दोघांपैकी एकाला ऐकावं लागतं, आणि गाडी जवळजवळ टनभर वजनाची असल्यामुळे ऐकतं ते इंजिन. ते बंद पडतं. क्लच म्हणजे या दोघांमधली घर्षणाची चकती. पेडल दाबलं की ती सुटते, पूर्ण सोडलं की घट्ट बसते आणि मधल्या बोटभर अंतरात घासत घासत इंजिनाचा वेग थोडा थोडा चाकांकडे देते. हे बोटभर अंतर म्हणजे हाफ क्लच. ते प्रत्येक गाडीत वेगळ्या उंचीवर असतं, क्लचप्लेट झिजली की जागा बदलतं आणि डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त तळपायाला कळतं. म्हणून सर सांगायचे की पातळ तळाचे बूट घाला, चप्पल नको. चौसष्ट वर्षांच्या माणसाला आयुष्यात प्रथमच कुणीतरी विचारतं, "काका, पायाला काय वाटतंय?" आणि काका खरंच डोळे मिटून विचार करतात. मग सर घाईघाईने सांगतात की डोळे उघडे ठेवा.

गिअरचाही हिशोब बघण्याजोगा आहे. छोट्या मोटारीत पहिल्या गिअरवर चाक एकदा फिरायला इंजिनाला साधारण चौदा-पंधरा फेरे मारावे लागतात. पाचव्यात तेच काम तीन-साडेतीन फेऱ्यांत उरकतं. पहिल्यात ताकद भरपूर आणि वेग नाही, पाचव्यात वेग भरपूर आणि ताकद नाही. उभी गाडी पाचव्यात टाकून बघा, जागची हलायची नाही. गाडी उचलतो पहिला आणि कौतुक होतं पाचव्याचं. पालिकेच्या राजकारणात मुरलेल्या पनवेलकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता गाडी बंद पडण्याकडे वळू, कारण ती बंद पडणारच. ती कुठे बंद पडते याला महत्त्व आहे. खांदा कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर बंद पडली तर ती खासगी बाब असते. जुन्या पनवेलच्या चौकात बंद पडली की ती सार्वजनिक मालमत्ता होते. पहिल्या तीन सेकंदांत हॉर्न येतात. त्यानंतर सल्ले सुरू होतात. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणतो, "काय दादूस, ढकलू काय?" मिनीडोरवाला म्हणतो, रेस देऊन क्लच सोडा. शहाळीवाला कोयता खाली ठेवून म्हणतो, रेस अजिबात देऊ नका, नुसता क्लच सोडा. रस्ता ओलांडणारे आजोबा बॉनेटवर हात टेकतात, "सावकाश, सावकाश" म्हणतात आणि स्वतः इतक्या सावकाश ओलांडतात की सुरू झालेली गाडी पुन्हा थांबवावी लागते. यातला मजेचा भाग असा की मिनीडोरवाला आणि शहाळीवाला दोघेही बरोबर असतात. सपाटीवर आजकालची गाडी नुसता क्लच हळू सोडला तरी निघते, आणि चढावर रेस द्यावीच लागते. चौक सपाट आहे की चढाचा, एवढंच ठरवायचं असतं. ते ठरेपर्यंत सिग्नल पुन्हा लाल झालेला असतो.

बाजारपेठेत शाळेची गाडी सहसा नेत नाहीत. मिरची गल्लीच्या बाजूला पहिला आणि न्यूट्रल हे दोनच गिअर उपयोगाचे आहेत. दुसरा टाकला तर लोक तुमच्याकडे माजोरी म्हणून बघतात.

शिकाऊ पनवेलकराचा खरा पेपर असतो तो रेल्वे ओलांडणाऱ्या उड्डाणपुलावर. इथला चढ बोरघाटाच्या, म्हणजे शिंग्रोबाच्या घाटाच्या, मानाने काहीच नाही. पण घाटात गाड्या निदान चालत असतात. पुलावर त्या बरोबर चढाच्या मध्यावर थांबतात. मागची बस पनवेलच्या रीतीप्रमाणे आपल्या डिकीला नाक लावून उभी असते. ब्रेकवरचा उजवा पाय उचलून एक्सलेटरवर न्यायचा आहे, आणि त्या दोन पेडलांच्या मध्ये जो अर्धा सेकंद आहे त्यात गाडी मागे जाणार आहे.

"सर, मागे बस आहे."

"मागे बघू नका."

"बस फार जवळ आहे, सर."

"बसला ब्रेक आहे. तुम्ही तुमचं करा."

तुमचं म्हणजे काय, तेही सरांनी क्रमाने शिकवलं होतं. हँडब्रेक ओढा. पहिला टाका. थोडी रेस द्या. क्लच अर्ध्यावर आणा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक किंचित उचललं, की हँडब्रेक सोडा. या पाच पायऱ्या जमल्या तर गाडी एक बोटही मागे जात नाही. न जमल्या तर दोन शक्यता असतात. एक, गाडी बंद पडते. दोन, माणूस भीतीने क्लच अर्ध्यावरच धरून ठेवतो आणि रेस देत राहतो. गाडी चढावर जागच्या जागी तरंगते, चालकाला वाटतं जमलं, आणि मग गाडीत जळका वास पसरतो. तो क्लचप्लेटचा वास. मागच्या सीटवरचे आम्ही दोघे अशा वेळी एकमेकांकडे न बघता आपापल्या बाजूच्या काचा खाली करायचो.

शिंग्रोबाचा विषय निघाला म्हणून सांगतो. खोपोलीच्या पुढे जुन्या घाटात त्याचं देऊळ आहे. इंग्रज इंजिनिअरला घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, अशी कथा आहे. घाट चढताना ड्रायव्हर मंडळी आजही तिथे नाणं टाकतात. आमचे सर ट्रेलरच्या दिवसांत न चुकता टाकायचे. काका पुलाच्या चढाला लागले की सरांचा हात खिशाकडे जायचा, हे मी मागून पाहिलेलं आहे.

शाळा संपली की घरच्या गाडीवर हात साफ करण्याचा कार्यक्रम सुरू होतो, आणि इथे यंत्राचा प्रश्न मागे पडून नात्यांचा पुढे येतो. शाळेच्या गाडीत डाव्या बाजूला ब्रेक असतो, घरच्या गाडीत नसतो. तरी डावीकडे बसलेलं घरचं माणूस तो दाबतच असतं. ब्रेक लागत नाही हे लक्षात आलं की ते तोंडाने लावतं. घरातल्या सगळ्यांत शांत माणसाचा आवाज किती वर जाऊ शकतो, हे ठाणा नाक्यावर पहिल्यांदा कळतं.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ फियाटच्या पिढीतले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर असायचा, डाव्या हाताला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली. या गृहस्थांच्या डाव्या हातातून मात्र ती गेलेली नाही. ते मुलीला शिकवायला बसले आणि 'बघ, असा टाकायचा गिअर' म्हणून स्वतः चालकाच्या जागी आले. डावा हात सवयीने स्टिअरिंगच्या मागे गेला आणि भर मार्चमध्ये कोरड्या काचेवर वायपर सुरू झाला.

"बाबा, गिअर खाली आहे."

"माहितीये. काच पुसून घेतो आधी."

मुलीने काच पुसून होईपर्यंत वाट बघितली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तेव्हाही या पिढीने अशीच काच पुसून घेतली असणार.

मध्येच सरकारी परीक्षा असते. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. शिकाऊची परीक्षा २०२१ पासून आधारच्या जोरावर घरी बसूनही देता येते, त्यामुळे अनेक घरांत ती सहकुटुंब दिली जाते. पक्क्या परवान्यासाठी मात्र स्वतःच जावं लागतं. तिथे मोकळ्या जागेत आठचा आकडा काढायचा, गाडी मागे घ्यायची, आणि हाताच्या खुणाही यायला हव्यात. आठचा आकडा पनवेलकराला जड जात नाही. जुलै महिन्यात खड्डे चुकवत पनवेल ते कामोठे गेलेल्या माणसाने शून्य ते नऊ सगळे आकडे काढलेले असतात. हाताच्या खुणांचं तेवढं अवघड आहे. उजवा हात खिडकीबाहेर काढला की पनवेलमध्ये त्याचा अर्थ 'मी वळतोय' असा कोणी घेत नाही. पाऊस थांबला का ते बघतोय, नाहीतर ओळखीचं कुणीतरी दिसलंय, असा घेतात आणि ओळखीचं माणूस असेल तर तेही हात करतं.

एवढं सगळं कशासाठी, ऑटोमॅटिक घ्या ना, असं आता घरोघरी ऐकू येतं. प्रश्न रास्त आहे. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं आणि पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची सेलेरिओ आली. तिच्यात परवडणाऱ्या किमतीत क्लच दाबायचं काम यंत्राकडे गेलेलं होतं. तेव्हापासून शेजारच्या इमारतीतले लोक डावा पाय मांडीखाली घेऊन ऑफिसला जाऊ लागले. कळंबोली सर्कलला अडकलेल्या माणसाला कोणीही गिअरच्या गाडीचं तत्त्वज्ञान सांगू नये. त्या वेळी त्याचा डावा गुडघाच निर्णय घेतो, आणि तो निर्णय योग्य असतो.

तरीसुद्धा शिकायचं ते गिअरवरच शिकावं, असं माझं मत आहे, आणि त्याला भावनेचा आधार नाही. आपल्या कायद्यात दुचाकीच्या परवान्याला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, मोटारीच्या परवान्याला तो नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवायची परवानगी मिळत नाही. आपल्याकडे ऑटोमॅटिकवर शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी गिअरच्या गाडीत बसून घाटात जाऊ शकतो. कायद्याला चालतं. क्लचला चालत नाही. आणि गरज पडते तेव्हा हाताशी असते ती नेमकी दुसऱ्याची गाडी. रात्री शेजाऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असतं, लग्नात वऱ्हाडाची गाडी पुढे घ्यायची असते, गावी काकांची जुनी जीप वाटेतून हलवायची असते. या गाड्यांना तीन पेडलं असतात. ज्याला तीन येतात त्याला दोन येतातच. उलट होत नाही.

शेवटच्या दिवशी सर पळस्प्याच्या पुढे कर्नाळ्याच्या दिशेला नेतात. तोपर्यंत कुणी पाचवा गिअर पाहिलेला नसतो. दांड्यावरच्या आकृतीत तो उजव्या कोपऱ्यात असतो, पण गावात तिथवर हात न्यायची वेळच येत नाही. त्या सकाळी रस्ता मोकळा होता आणि गाडी काकांच्या हातात होती. सर म्हणाले, "टाका पाचवा." काकांनी टाकला. इंजिनाचा आवाज खाली आला, गाडी सरळ चालत राहिली. काका थोडा वेळ वाट बघून म्हणाले, "काही वेगळं वाटलं नाही."

"तेच तर," सर म्हणाले. "पाचव्यात काही करायचं नसतं."

पुढे थांब्यावर एसटी उभी होती. काकांनी चौथा घेतला, तिसरा घेतला, दुसरा घेतला आणि गाडी थांबवली. एसटी हलली. काकांनी पहिला टाकला आणि कुणालाही धक्का न बसता गाडी निघाली. मागच्या सीटवर मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्या पाचव्या गिअरसाठी नव्हत्या.

तेव्हा गोव्याला, पुण्याला, कोकणात निघालेल्या मंडळींना पनवेलकरांच्या वतीने एक विनंती. फाट्यावर किंवा पुलाच्या चढावर तुमच्यापुढे लाल 'एल' लावलेली गाडी बंद पडली तर हॉर्न वाजवू नका. त्याने क्लच सुटत नाही, पाय सुटतो. तुमच्या आणि तिच्या मध्ये एका गाडीची जागा सोडा, तुमची गाडी न्यूट्रलला टाका आणि डाव्या पायाला विश्रांती द्या. गोवा तुमच्याआधी कुठे जाणार नाही. आणि पुढची गाडी निघाली की लगेच तिला ओलांडू नका, कारण पुढे सिग्नल आहे आणि तो लाल आहे.